बर्फावरची सहल: आधी थांबायला शिका

युरोपात एका पासावर चारचार खोरी ओलांडता येतात, हे ऐकून हौस जागी होते. पण पूर्ण कुटुंबाला घेऊन असा बेत आखताना दिल्लीकरांनी सुरुवात कुठून करावी?

डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीवर धुके उतरले, की घराघरांत एकच बेत शिजू लागतो. ‘कुठेतरी बर्फ बघायला जाऊ या.’ दिल्लीकरांना बर्फ तसा दूरही नाही. संध्याकाळी काश्मिरी गेटच्या बसअड्ड्यावरून बस धरली, की दुसऱ्या दिवशी मनालीत पोहोचता येते. विमानाने गेल्यास श्रीनगर दीड तासाच्या अंतरावर आहे. पूर्वी बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकून आणि फोटो काढून माणसे समाधानाने परतत असत. आता मुलांना तेवढे पुरत नाही. त्यांना पायात स्की बांधून उतारावरून सुसाट यायचे असते.

मयूर विहारमध्ये राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबातही असेच झाले. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारे, मुलगी १४ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा. एके दिवशी पतिराज ऑफिसातून येताना परदेशी सहलींचे एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. त्यात लिहिले होते, तीन खोरी, ६०० किलोमीटरचे उतार आणि पास मात्र एकच! मुले हरखून गेली. पत्नीने माहितीपत्रक उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘‘अहो, सकाळी एका गावातून निघून दुपारी तिसऱ्या खोऱ्यात पोहोचायचं, हे ठीक आहे. पण संध्याकाळी परत आपल्याच हॉटेलवर कसं यायचं?’’

सगळे हसले. मात्र अशा सहलीतील सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

जोडलेले डोंगर म्हणजे काय?

आल्प्स पर्वतात शेजारशेजारच्या खोऱ्यांमधली गावे लिफ्टच्या जाळ्याने एकमेकांशी जोडलेली आहेत. या गावातून लिफ्टने डोंगराच्या माथ्यावर जायचे, पलीकडच्या बाजूने स्कीवरून उतरायचे, तिथली लिफ्ट पकडून पुढच्या माथ्यावर जायचे. मुंबईकरांना हे चटकन समजेल. लोकलचा पास काढला, की वाटेतल्या कोणत्याही स्टेशनवर उतरा आणि पुन्हा चढा, तसाच हा प्रकार आहे.

फ्रान्समधील ‘त्रुआ व्हॅली’ म्हणजे तीन खोरी हे याचे सर्वात गाजलेले उदाहरण. कूर्शेव्हेल, मेरिबेल, ले मेन्युइर, व्हाल तोरांस अशी गावे तिथे एकमेकांना जोडलेली आहेत आणि आखीव उतारांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते. ‘पोर्त द्यु सोलेय’ या भागात फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन देशांतील १२ ठिकाणे येतात. सकाळचा नाश्ता एका देशात आणि दुपारचे जेवण दुसऱ्या देशात, ही तिथली नेहमीची मौज आहे. इटलीतील डोलोमाइट पर्वतात तर १९७४ पासून एकत्रित पासाची पद्धत आहे. आज त्या एका पासावर १२ विभागांतील सुमारे १२०० किलोमीटरचे उतार खुले होतात. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे सर्वांना ठाऊक झालेले कोर्तिना त्याच पासात येते. हे १२ विभाग सगळेच एकमेकांना जोडलेले नाहीत, काहींमध्ये जायला बसच लागते, हे मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते.

या सुखाला एक अट आहे. लिफ्ट दुपारी उशिरा बंद होतात. भर हिवाळ्यात तर चारच्या सुमारासच आवराआवर सुरू होते. परतीच्या वाटेवरची एखादी लिफ्ट चुकली, तर तुम्ही परक्या खोऱ्यात अडकता. शेवटची लोकल चुकली, तर रात्री फलाटावर बसता तरी येते. इथे अंगावर ओले कपडे, पायात जड बूट आणि बाहेर शून्याखालचे तापमान! माथ्यावरून हाकेच्या अंतरावर वाटणारे आपले गाव रस्त्याने डोंगराला वळसा घालून जाताना तासा-दोन तासांवर जाते. टॅक्सीचे भाडे ऐकून सहलीचा सगळा आनंद उतरतो.

म्हणून जोडलेल्या डोंगरांवर कुटुंबाचा वेग ठरतो तो सर्वात तरबेज माणसावरून नव्हे, तर सर्वात हळू उतरणाऱ्या माणसावरून. ही गोष्ट घरी बसूनच मान्य करावी.

आपल्याकडे काय आहे?

भारतात अशी एकमेकांना जोडलेली स्कीची खोरी नाहीत. परंतु शिकायला जेवढे हवे, तेवढे नक्कीच आहे.

सर्वात मोठे नाव काश्मीरमधील गुलमर्गचे. श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ २६५० मीटर उंचीवर हे पठार आहे. इथल्या ‘गोंडोला’ नावाच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरच्या पुढे पोहोचवतो. दोन टप्पे, मध्ये कोंगडोरीहून निघणारी खुर्चीची लिफ्ट आणि खाली पठारावरचे सौम्य उतार, असा हा आपल्याकडचा सर्वात मोठा पसारा आहे. नवशिक्यांची जागा मात्र खालच्या पठारावरच आहे. वरचा टप्पा फोटोंत कितीही मोहक दिसला, तरी तिथून स्कीवर उतरणे हे अनुभवी माणसाचे काम आहे.

याच गुलमर्गजवळच्या तंगमर्ग भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. मोठ्या वळणांच्या शर्यतीत तो ४५ वा आला. त्याआधी १९८८ मध्ये शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री ठरली होती. तिचा खेळही स्कीइंगचाच. तेव्हा ‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे’ असे म्हणण्याचे कारण नाही.

उत्तराखंडमधील औली हे दुसरे ठिकाण. समोर नंदादेवीचे शिखर आणि खाली देवदार-ओकची झाडी, असा तिथला देखावा आहे. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीच्या शर्यती इथे झाल्या. मात्र जुन्या आठवणींवर विसंबून बेत आखू नका. जोशीमठहून औलीला नेणारा सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये, शहराची जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला. त्यानंतर प्रवाशांना रस्त्यानेच वर जावे लागू लागले. दिल्लीहून जोशीमठ रस्त्याने जवळपास ५०० किलोमीटर, त्यातही ऋषिकेशच्या पुढचा बहुतेक रस्ता घाटाचा. लहान मुले बरोबर असतील, तर वाटेत एक मुक्काम करावा.

तिसरे ठिकाण मनालीजवळचे सोलंग. २०२० मध्ये ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडच्या लाहौलमधील बर्फही जवळ आला आहे. शिमल्याच्या पुढे नारकंडा आहे. त्याच वाटेवरचे कुफरी एके काळी स्कीसाठी प्रसिद्ध होते, पण तिथे आता भरवशाचा बर्फ पडत नाही.

नोएडा-गुडगावच्या मॉलमधील कृत्रिम बर्फात मुलांना तासभर खेळवून आणणे वाईट नाही. थंडीत आपले मूल किती वेळ टिकते, हातमोजे घालून कुरकुर करते का, हे तिथे स्वस्तात कळते. त्याला स्कीचे शिक्षण मात्र समजू नये.

पहिला धडा

मयूर विहारच्या त्या कुटुंबाने माहितीपत्रक कपाटात ठेवले आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मुलांची आठवड्याची रजा काढून गुलमर्ग गाठले. पहिल्या सकाळी प्रशिक्षकाने चौघांनाही उतारावर नेलेच नाही. सपाट बर्फावर बूट घालून चालायला लावले. मग पडायला शिकवले, त्यानंतर पडल्यावर उठायला. पतिराज वैतागले. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा तेच पडले, तेव्हा त्या धड्याचे मोल त्यांना कळले.

स्कीचा पहिला धडा वेगाचा नसतो, थांबण्याचा असतो. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवायची. वरून पाहिले तर समोशाचा त्रिकोण दिसेल. टाचा बाहेर ढकलल्या, की स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. हे पायात भिनले, की मग वळणे. ज्याला कुठेही आणि केव्हाही थांबता येते, त्यालाच पुढच्या उतारावर जाण्याचा अधिकार आहे.

हे शिक्षण ओळखीच्या हौशी माणसाकडून घेऊ नये. गुलमर्गमध्ये केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे. औलीत गढवाल मंडल विकास निगमाने अभ्यासक्रम चालवले आहेत. असे अभ्यासक्रम साधारणपणे आठवड्यापासून दोन आठवड्यांपर्यंतचे असतात. त्यांच्या तारखा आणि वयाच्या अटी दर हिवाळ्यात आधी विचारून घ्याव्यात, कारण जागा लवकर भरतात. खासगी प्रशिक्षक घेतलात, तर त्याचे प्रमाणपत्र पाहावे आणि रोज किती तास, किती जणांना मिळून शिकवणार, हे आधीच ठरवावे.

वजन लपवू नका

स्की भाड्याने घेताना दुकानदार वजन, उंची, वय आणि बुटाचे माप विचारतो. इथे अनेक जण, विशेषतः चारचौघांत, वजन पाच-सात किलोंनी कमी सांगतात. असे मुळीच करू नका. बूट स्कीला धरून ठेवणारी जी कळ असते, ती याच आकड्यांवरून बसवतात. पडताना ठरावीक जोर आला, की ती सुटते आणि स्की पायापासून वेगळी होते. वजन कमी सांगितले, तर ती नको तेव्हा सुटेल. उलट पट्टीचे स्कीपटू असल्याचा आव आणलात, तर ती हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिरगळेल. खरे सांगण्यात लाज नाही, खोटे सांगण्यात मात्र प्लास्टर आहे.

बूट घट्टच असावेत, पण बोटे हलली पाहिजेत. एकच लांब मोजा पुरतो. दोन-दोन मोजे घातले, की ते चुरगळतात आणि पाय उलट गार पडतात. अंगालगत सुती कपडा नको, कारण घामाने भिजलेली सुती बंडी लवकर वाळत नाही आणि थंडी भरते. आतून लोकर किंवा थर्मल, मध्ये स्वेटर, वर पाणी न शिरणारे जाकीट, असे थर घालावेत. साडी किंवा सलवार-कमीज यांना इथे रजाच द्यावी. हेल्मेट सर्वांनी घालावे, फक्त मुलांनीच नव्हे. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्याने डोळे भाजतात आणि रात्री झोप लागत नाही. याच कारणाने चेहऱ्याबरोबर हनुवटीखालीही क्रीम लावावे.

शाळा आणि बर्फ यांचे जमत नाही

दिल्लीच्या शाळांना हिवाळी सुट्टी बहुधा जानेवारीच्या पूर्वार्धात असते. चांगला बर्फ मात्र जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळतो आणि तेव्हा परीक्षा दारात असतात. त्यातच बर्फाचे वेळापत्रकही बिघडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे होते. २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

म्हणून सुट्टी जानेवारीतच मिळणार असेल, तर सहल ‘बर्फ मिळाला तर स्की, नाही तर भटकंती’ अशा तयारीने आखावी. हॉटेलचे पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे. धुक्यामुळे दिल्लीत आणि हिमवृष्टीमुळे श्रीनगरमध्ये विमाने रद्द होतात, तेव्हा परतीनंतर एक दिवस हाताशी ठेवावा. युरोपात जायचे असेल, तर मार्चअखेरची, वार्षिक परीक्षेनंतरची सुट्टी दिल्लीकरांना सोयीची पडते. उंचावरच्या ठिकाणी तेव्हाही बर्फ असतो. व्हाल तोरांस हे गावच २३०० मीटरवर वसले आहे.

डोंगराचे ऐका

आखीव उतारांबाहेरचा अस्पर्श बर्फ फार मोह घालतो. पण १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्याच परिसरात एका रशियन स्कीपटूचा असाच अंत झाला. ही माणसे काही नवशिकी नव्हती. नवशिक्या कुटुंबाने तर दोऱ्या आणि पाट्या लावलेली हद्द कधीच ओलांडू नये.

वाऱ्यामुळे रज्जुमार्ग बंद ठेवला, तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. जून २०१७ मध्ये गुलमर्गला जोरदार वाऱ्यात उन्मळलेले झाड तारांवर पडून ७ जणांचा बळी गेला. त्यात दिल्लीचे एक चौघांचे कुटुंबही होते. ‘आम्ही एवढे पैसे खर्चून आलो आहोत,’ हे वाऱ्याला सांगून काय उपयोग? आणखी एक काळजी, दिल्लीहून थेट वरच्या टप्प्यावर जाऊ नये. एक-दोन दिवस खाली राहून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

परदेशी जाताना

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि ऑस्ट्रिया या देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यामुळे स्कीवरून सीमा ओलांडताना वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट जवळ हवा. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुधा येत नाहीत. ते वेगळे पैसे भरून घालून घ्यावेत आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे पाहावे.

उतारांचे रंगही समजून घ्या. निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. पहिल्या दोन दिवसांसाठी सगळ्या खोऱ्यांचा महाग पास घेऊ नका. आपल्या गावापुरता स्वस्त पास मिळतो. तेवढ्यातच पाय वळतात की नाही ते बघा. जोडलेल्या डोंगरांत राहायचे गावही शक्यतो मधले निवडा, म्हणजे कुठूनही परतायला एक-दोनच लिफ्ट लागतील.

दोन तास आणि तीन खिंडी

गुलमर्गनंतर दोन वर्षे पैसे साठवून ते कुटुंब मार्चअखेरीस इटलीतील सेल्वा या गावी गेले. तिथे ‘सेल्ला रोंदा’ नावाची प्रसिद्ध फेरी आहे. सेल्ला पर्वताभोवतीच्या चार खिंडी ओलांडून स्कीवर आणि लिफ्टने संध्याकाळी पुन्हा मूळ गावी यायचे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणाऱ्या वाटेला नारिंगी पाट्या, उलट दिशेच्या वाटेला हिरव्या. सकाळी १० पूर्वी निघावे आणि दुपारी साडेतीनच्या आत शेवटची खिंड ओलांडावी, असे तिथे सांगतात.

चौथ्या दिवशी चौघे नारिंगी पाट्यांच्या मागे निघाले. गार्देना खिंड ओलांडून कोर्व्हारा गावात पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले. आईचे गुडघे थरथरत होते, मुलगा गप्प झाला होता. मुलीला मात्र पुढे जायचे होते. आई म्हणाली, ‘‘तुम्ही तिघं पुढे जा. मी येते हळूहळू परत.’’

पतिराजांनी नकाशा उघडला आणि घड्याळ पाहिले. ‘‘एका खिंडीला आपल्याला दोन तासांहून जास्त लागले. अजून तीन खिंडी आहेत. म्हणजे सहा तास. लिफ्ट तर त्याच्या कितीतरी आधी बंद होतील. आणि तुला एकटीला परत पाठवायचं नाही. चला, सगळेच मागे फिरू.’’

मुलगी संध्याकाळभर फुरंगटून बसली. तिचेही चुकले नव्हते. एवढ्या लांब येऊन अर्ध्या वाटेवरून परतायचे, हे त्या वयात सोपे नसते. पण दुसऱ्या दिवशी वडिलांनी एक प्रशिक्षक ठरवला आणि बापलेक सकाळी लवकर निघून पूर्ण फेरी मारून तीनच्या आत परतली. आई आणि मुलगा गावाजवळच्या निळ्या उतारावरच राहिली. त्या दिवशी आई वरपासून खालपर्यंत प्रथमच एकदाही न पडता आली. रात्री जेवताना कोणाचा पराक्रम मोठा, यावर चौघांची खूप वादावादी झाली.

कपाटातले ते माहितीपत्रक अजूनही त्यांच्या घरी आहे. त्यावर पत्नीने पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे, ‘परतीची शेवटची लिफ्ट किती वाजता?’ सहाशे किलोमीटरच्या उतारांचा मोह पडला, तर तुम्हीही आधी हाच प्रश्न विचारा. त्याचे उत्तर कुटुंबातल्या सर्वात हळू उतरणाऱ्याच्या वेगाशी जुळले, तर खुशाल निघा. नाही तर यंदा गुलमर्गच्या सौम्य उतारावर आठवडाभर थांबायला शिका. डोंगर कुठे जात नाहीत, पुढच्या वर्षीही ते तिथेच असतील.